कोल्हापुरात कुत्र्यासाठी प्रशिक्षक निवडताना काय पाहावे?

रंकाळ्याची_सर | ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी खंड्या नावाचा दहा महिन्यांचा कुत्रा आहे. आई गावठी आणि बाप लॅब्रॅडोर, असे देणाऱ्यांनी सांगितले होते. अंगाने थोराड आहे, पट्टा जोरात ओढतो आणि दारावर आलेल्या माणसाच्या छातीवर दोन पाय टाकतो, एवढीच त्याच्याविषयी तक्रार होती. सासरे त्याला सकाळी रंकाळ्यावर फिरायला नेतात. एप्रिलमध्ये त्याने अशी ओढ दिली की ते पदपथावर गुडघ्यांवर पडले. तेव्हा याला रीतसर शिकवून घ्यायचे, असे घरात ठरले.

ओळखीतून एक प्रशिक्षक मिळाले. आठवड्यातून तीन दिवस, महिन्याला सहा हजार रुपये. त्यांची एकच अट होती, की शिकवताना घरच्यांनी समोर थांबायचे नाही. 'तुम्ही दिसला की ते लाडात येतंय, मग माझं ऐकत न्हाई,' असे ते म्हणाले आणि आम्हाला ते पटले. दुसऱ्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय चालते ते पहिल्यांदा पाहिले. खंड्याच्या गळ्यात बारीक कड्यांची सरकती साखळी होती. तो बसला नाही म्हणून त्यांनी ती साखळी सरळ वर उचलली. त्याचे पुढचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले, आणि ते पुन्हा टेकेपर्यंत त्याच्या तोंडातून साधा आवाजही निघाला नाही. मी खाली धावले. 'असंच करावं लागतं, नाहीतर डोक्यावर बसतंय,' असे उत्तर मिळाले. त्याच क्षणी मी शिकवणी बंद करायला हवी होती. पैसे भरले आहेत, सासरेही खूष आहेत, महिना पुरा होऊ दे, असा विचार करून मी गप्प बसले, याचे मला फार वाईट वाटते.

आज खंड्या 'बस' म्हटले की बसतो. परंतु खुंटीवरचा पट्टा नुसता वाजला तरी तो वॉशिंग मशिनच्या मागे जाऊन भिंतीला चिकटतो. गेल्या रविवारी सासऱ्यांनी त्याच्या गळ्याकडे हात नेला. पूर्वी काही नको असले की तो आधी गुरगुरायचा. या वेळी त्याने कसलीही सूचना न देता हात धरला आणि दोन दात लागले. 'पन्हाळ्याच्या बाजूला कुठेतरी सोडून या,' असे सांगणारे नातेवाईक आता रोज फोन करतात. तसे आम्ही करणार नाही. पण पुढचा प्रशिक्षक निवडताना आम्ही काय विचारावे, काय पाहावे, आणि शिकवण्याच्या पद्धतींत खरोखरच फरक असतो का, हे जाणकारांनी सांगावे.

आजरा_घनसाळ | ३ जून, रात्री ९.५५

ताई, बाकीचे नंतर बोलू. सासऱ्यांच्या हातातून रक्त आले होते का? कुत्रा घरचा असो, लस दिलेला असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. रेबीजच्या इंजेक्शनांचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा.

रंकाळ्याची_सर | ३ जून, रात्री १०.०५

हो, लगेच धुतले आणि तासाभरात दवाखान्यात गेलो. इंजेक्शने सुरू आहेत. खंड्याच्या लशीही वेळेवर झालेल्या आहेत. आपण आधी हे विचारलेत, याबद्दल मनापासून आभार.

करवीरकर | ४ जून, सकाळी ७.३०

माझ्या घरी आजवर तीन कुत्री झाली आणि चार प्रशिक्षक झाले, त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या हकिकतीत मला सर्वांत जास्त खटकली ती 'घरच्यांनी समोर थांबायचे नाही' ही अट. जो माणूस आपले काम मालकाला पाहू देत नाही, त्याच्या हाती पट्टा देऊ नये. पुढच्या वेळी पैसे ठरवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचा एक तास बघायला बोलवा, असे सांगा. त्या तासात प्रशिक्षकाकडे कमी आणि कुत्र्याकडे जास्त लक्ष द्या. प्रशिक्षकाची गाडी फाटकात थांबली की कुत्रा पुढे धावतो का मागे सरकतो, शेपूट पोटाखाली आहे का मोकळी हलते आहे, मधेच जीभ काढून ओठ चाटणे, मान वळवणे आणि विनाकारण जांभया देणे चालले आहे का, हे पाहा. यातले एखादे चिन्ह सुटे दिसले तर त्याला फार अर्थ नसतो, पण सगळी एकत्र आणि पुन्हा पुन्हा दिसली तर तो कुत्रा ताणाखाली आहे.

त्यानंतर प्रशिक्षकाला सरळ विचारा: सांगितलेले केले तर माझ्या कुत्र्याला काय मिळेल, आणि नाही केले तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो गोलगोल देतो, त्याला नमस्कार करून परत या.

पशुवैद्य_सीमाभाग | ४ जून, दुपारी ३.१५

मी बावीस वर्षे या व्यवसायात आहे आणि अशी कुत्री माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रशिक्षक शोधण्याआधी खंड्याला दवाखान्यात न्या. गळ्यातल्या साखळीने उचललेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेला आणि मानेच्या मणक्यांना इजा झालेली असू शकते, आणि मानेवर दाब आला की डोळ्यांतला दाबही वाढतो. गळ्याकडे हात नेल्यावरच त्याने दात लावले आहेत, त्यामुळे तिथे दुखते आहे का, हे आधी कळले पाहिजे. कानात संसर्ग असला तरी कुत्री असेच करतात. चावण्याची तक्रार घेऊन आलेल्या जनावराला तपासले का, असे जो प्रशिक्षक विचारत नाही, त्याचे शिक्षण अपुरे आहे असे मी मानतो.

आता गुरगुरण्याविषयी. घरच्या माणसांना गुरगुर हा उद्धटपणा वाटतो, पण ती कुत्र्याने सभ्यपणे दिलेली सूचना असते: 'इथून पुढे येऊ नका.' गुरगुरल्याबद्दल मार बसला की कुत्रा गुरगुरणे सोडतो, भीती मात्र होती तिथेच राहते. मधली पायरी गेली, की तो शांत बसण्यावरून थेट दातांवर येतो. तुमच्याकडे नेमके हेच झालेले दिसते. उद्या खंड्या पुन्हा गुरगुरायला लागला, तर ती सुधारणा समजा.

पात्रतेबद्दल बोलायचे तर मी पशुवैद्य म्हणून पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करू शकत नाही, परंतु घरगुती कुत्री शिकवणाऱ्यासाठी तशी कोणतीही परीक्षा आपल्याकडे कायद्याने बंधनकारक नाही. कुणीही उद्या पाटी लावू शकतो. म्हणून पाटीवर लिहिलेल्या 'प्रमाणित' या शब्दापाशी थांबू नका, कुणी प्रमाणित केले ते विचारा. सीसीपीडीटी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सीपीडीटी-केए या प्रमाणपत्रासाठी आधीच्या तीन वर्षांत किमान ३०० तास शिकवल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि मग लेखी परीक्षा होते. कॅरन प्रायर अकादमीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकही पाहतात. दोन दिवसांच्या शिबिरानंतर मिळालेला चौकटीतला कागद आणि हे, यांत पुष्कळ अंतर आहे. अर्थात कागद नसलेला पण वर्षानुवर्षे वाचणारा, हाताने मऊ आणि नजरेने तयार असा माणूसही मी पाहिला आहे, म्हणून करवीरकरांनी सांगितलेला एक तास मी कागदापेक्षाही वर ठेवीन.

आणि पद्धतींत फरक आहेच. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. झटके देऊन, ओरडून शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये बक्षिसावर शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांपेक्षा ताणाची चिन्हे अधिक आढळली आणि शिकवणीनंतर लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरकही जास्त वाढलेले आढळले. अमेरिकेतल्या पशुवर्तनाच्या पशुवैद्यक संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व प्रकारच्या कुत्र्यांसाठी, चावणाऱ्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेलीच पद्धत सुचवली आहे.

शेवटी एक कायद्याची बाब. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला मारहाण करणे किंवा विनाकारण वेदना देणे हा गुन्हा आहे. 'मी शिकवत होतो,' एवढे म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही.

तालीमवाला | ४ जून, रात्री ८.५०

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. माझ्याकडे बावन्न किलोचा रॉटवायलर आहे. तो खाऊ बघून वागायचा, खाऊ नसला की ढुंकून बघायचा नाही. सरकत्या साखळीने दोन महिन्यांत तो बाजूने चालायला लागला आणि आज माझी बारा वर्षांची मुलगी त्याला धरू शकते. आमच्या तालमीत वस्तादांच्या हातात पट्टा होता, म्हणूनच पठ्ठे पहाटे चारला उठत होते. धाक पूर्ण काढून टाकला तर एवढे मोठे जनावर ऐकेल कशाला? ताईंच्या बाबतीत झाले ते चूकच आहे, परंतु एका माणसाच्या आडदांडपणावरून साधनाला दोष देऊ नये, असे मला वाटते.

दूधकट्टा | ४ जून, रात्री ९.३०

तालीमवाले दादा, मीही मातीत लोळलेलो आहे, म्हणून वस्तादांचाच विषय पुढे नेतो. वस्तादांनी पट्टा दाखवला असेल, पण डाव शिकवताना त्यांनी काय केले ते आठवा. एकेरी पट काढायचा म्हणजे पाऊल कुठे, गुडघा कुठे, मान कुठे, हे हाताने धरून, तुकडे पाडून दाखवले, आणि जमले तेव्हा 'भले पठ्ठे' म्हणून पाठीवर थाप दिली. ती थाप मिळावी म्हणून आपण पुन्हा लंगोट लावून जात होतो. शिवाय आपण तिथे आपल्या पायांनी जात होतो आणि चूक कोणती झाली ते आपल्याला शब्दांत सांगितले जात होते. कुत्र्याला यातले काहीही मिळत नाही. साखळी आवळली तेव्हा तो समोरच्या सायकलवाल्याकडे बघत असेल, तर 'सायकल आली की गळा आवळतो' एवढेच त्याच्या लक्षात राहते.

निवृत्त_श्वानपथक | ५ जून, सकाळी ६.१०

पोलीस दलाच्या श्वानपथकात मी अठरा वर्षे हँडलर होतो. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे मी आणि माझी लॅब्रॅडोर एकाच वेळी शिकलो. लोकांना वाटते की पोलिसांची कुत्री धाकाने तयार होतात. जुन्या काळी कडकपणा होता, ते मी नाकारणार नाही. परंतु स्फोटके हुडकणारे कुत्रे धाकाने तयार होतच नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आमचे काम एका टेनिस बॉलवर चालत असे. आधी कुत्र्याला त्या बॉलचे वेड लावायचे. मग बॉल आणि स्फोटकाचा वास एकत्र आणायचे. मग वास मिळाला की बॉल मिळतो, हे त्याला कळू द्यायचे. वास सापडल्यावर त्याने ओरबाडायचे नाही, भुंकायचे नाही, फक्त शांत बसायचे, कारण पंजा मारला तर सगळ्यांच्याच जिवावर बेतेल. तो बसला की माझ्या काखेत लपवलेला बॉल त्याच क्षणी सुटला पाहिजे. मी दोन सेकंद उशीर केला तर ती उठायची, आणि बॉल तिला उठण्याबद्दल मिळायचा. माझे शिक्षक तेव्हा कुत्रीला कधीच बोलत नसत, मलाच बोलत असत. मंत्र्यांच्या सभेआधी आम्ही मैदान तपासायचो तेव्हा मी कामावर असायचो, ती मात्र बॉल शोधायला आलेली असायची.

यावरून ताईंना दोन गोष्टी सांगतो. चांगला प्रशिक्षक निम्मा वेळ तुम्हाला शिकवतो. महिन्याच्या शेवटी पट्टा कुणाच्या हातात असतो, ते बघा. शिकवणी संपेपर्यंत तो प्रशिक्षकाच्याच हातात राहिला, तर कुत्रा त्याचे ऐकेल, तुमचे नाही. दुसरे असे, की एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त काम घेऊ नये. दिवसातून चार वेळा पाच मिनिटे दिलेली सलग तासाभरापेक्षा अधिक लागू पडतात.

तालीमवाले, आपला रॉटवायलर खाऊ नसला की ऐकत नव्हता, कारण खाऊ आधी दाखवला जात होता. खाऊ खिशात ठेवायचा, काम झाल्यावर काढायचा, आणि काम पक्के झाले की दर वेळी न देता कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी द्यायचा. मग खिसा रिकामा असला तरी कुत्रा आशेने काम करतो.

भवानी_मंडप | ५ जून, सकाळी ११.००

आपल्या गावाची एक आठवण या चर्चेत यायला हवी. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि विसाव्या शतकात भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. चित्ता पिल्लू असताना धरत नसत, कारण आईकडून शिकार शिकलेला मोठा चित्ताच उपयोगाचा. म्हणजे पूर्ण वाढलेले, रानातले जनावर माणसाळवायचे होते. चित्तेवान त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गर्दीच्या आवाजांत बसवत, स्वतःच्या हाताने भरवत, तासन्तास त्याच्याजवळ राहत. शिकार झाल्यावर चित्त्याला हरणावरून मारून हुसकावत नसत. लाकडी पळीतून ताजे रक्त पुढे करत, ते चाटताना त्याने पकड सोडली की टोपी चढवत. रानातल्या चित्त्याशी जर अशी देवाणघेवाण होऊ शकते, तर चप्पल तोंडात धरून बसलेल्या पिल्लाच्या जबड्यात बोटे घालून ती ओढण्याचे काय कारण आहे? उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढे करा, चप्पल आपोआप खाली पडते.

गडहिंग्लजकर | ५ जून, दुपारी २.४०

ताईंच्या प्रश्नाला धरूनच एक भर घालतो. जात ओळखून शिकवणारा माणूस हवा. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या मुधोळ जातीचे कुत्रे आहेत. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हा होता, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे त्याच्यासाठी केंद्रही आहे. हा कुत्रा नजरेने शिकार करणारा. ससा उठला की त्याच्या कानांवर हाक पडत नाही. एका प्रशिक्षकाने त्याला जर्मन शेफर्डच्या मापाने मोजले आणि 'मंद आहे, हट्टी आहे' असा शेरा मारला. एकदा मोठ्याने दरडावल्यावर तो चार दिवस त्या माणसाकडे पाठ करून बसला, इतकी ही जात मनाला लावून घेते. दुसऱ्या माणसाने काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून तिच्यामागे पळणे हेच बक्षीस केले: बोलावल्यावर आलास तर चिंधी पळेल. तीन महिन्यांत तो उसाच्या फडाच्या कडेवरून माझ्या शिट्टीला परत यायला लागला. मोकळ्या रानात मात्र मी आजही लांब दोरी सोडत नाही.

कळंबा_रोड | ५ जून, रात्री १०.२०

'महिनाभर आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो' या प्रकाराविषयी मी सावध करू इच्छितो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेफर्ड कुत्रीला आम्ही एके ठिकाणी पंचेचाळीस दिवस ठेवले. रोज व्हिडिओ येत असे, त्यात ती खांबासारखी बसलेली असे. घरी आल्यावर आम्ही आनंदाने सगळ्यांना बोलावून दाखवले. ती भुंकत नव्हती, उड्या मारत नव्हती, काही मागत नव्हती. आठ दिवसांनी माझ्या आईच्या लक्षात आले, की ती पाणीसुद्धा 'पी' म्हटल्याशिवाय पीत नाही. आई स्वयंपाकघरात तिच्याशेजारी वाटी घेऊन बसली आणि रडायला लागली. त्या व्हिडिओतला शांतपणा नेमका कसला होता, हे पशुवैद्य सांगतील का?

पशुवैद्य_सीमाभाग | ६ जून, दुपारी १.३०

कळंबा_रोड, वाचून फार वाईट वाटले. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले, जे आज कुणी करू देणार नाही. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि ते थांबवण्याचा कोणताच उपाय त्यांच्या हाती नसे, त्यांच्यातली बहुतेक पुढे सुटण्याची वाट खुली असतानाही झटके सोसत पडून राहिली. आपण काहीही केले तरी फरक पडत नाही, हे ती शिकली होती. बाहेरून पाहणाऱ्याला असा कुत्रा आज्ञाधारक वाटतो.

'डोक्यावर बसतंय' या समजुतीबद्दलही लिहायचे राहिले होते. कळपाचा म्होरक्या होऊन कुत्र्याला दाबले पाहिजे, ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरली. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले लांडगे भांडणारच. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे अभ्यासून १९९९ साली दाखवले, की तिथला कळप म्हणजे आई, वडील आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंब असते. खंड्या सासऱ्यांना ओढत होता तो गादी बळकावण्यासाठी नव्हे. ओढले की पुढचे झाड लवकर येते, हा त्याचा अनुभव होता, इतकेच. ओढ लागली की जागीच थांबायचे आणि पट्टा सैल झाला की चालायचे, हा त्यावरचा उपाय आहे. कंटाळवाणा आहे, पण तो लागू पडतो.

गुळाची_ढेप | ६ जून, सायंकाळी ६.४५

आमच्याकडे पुढच्या आठवड्यात पिल्लू येणार आहे. प्रशिक्षक सहा महिन्यांनंतर लावावा असे सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का?

करवीरकर | ६ जून, सायंकाळी ७.२०

अजिबात थांबू नका. तीन आठवड्यांपासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचे मन जगाला सर्वांत मोकळे असते. तेवढ्या काळात जे चांगल्या आठवणीसह भेटले, ते पुढे आपले वाटते. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, रिक्षा, कुकरची शिट्टी, नऊवारीतली आजी, हे सगळे त्याला हळूहळू आणि खाऊसह दाखवा. लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा धोका खरा आहे. पण कडेवर घेऊन कट्ट्यावर बसायला काहीच हरकत नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू कुणी देत असेल तर घेऊ नका. २०१७ च्या नियमांनी त्याची विक्रीच बंद केली आहे.

आणि आपण महाद्वार रोडजवळ राहत असाल, तर विसर्जन मिरवणुकीची तयारी आजपासून करा. ढोलताशाचा आवाज फोनवर अगदी हळू लावायचा, ऐकू आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा, आणि कान न पाडता जेवत असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज एक रेघ वाढवायचा.

आंबेवाडी_पूररेषा | ७ जून, सकाळी ८.१५

आमच्या गावात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढले तेव्हा बोट दारात आली आणि आमच्या मोत्याने बोटीतल्या एकाही माणसाला जवळ येऊ दिले नाही. तो वाईट कुत्रा नव्हता. अंधार, पाणी, नारिंगी जाकिटातली अनोळखी माणसे, यांतले काहीच त्याने पूर्वी पाहिले नव्हते. शेवटी चादरीत गुंडाळून त्याला बोटीत घेतला, त्यात माझ्या भावाच्या हाताला तो चावला. पाणी उतरल्यावर आम्ही पहिले काम केले ते मुसके घालायला शिकवण्याचे. जाळीच्या मुसक्यात खाऊ ठेवायचा, त्याने स्वतः तोंड आत घालायचे, आपण घट्ट आवळायचे नाही. पहिले दहा दिवस पट्टी लावायचीच नाही. २०२१ ला पुन्हा बाहेर पडावे लागले तेव्हा मुसके दिसताच त्याने स्वतः तोंड पुढे केले आणि तो शांतपणे बोटीत बसला. ताई, नव्या प्रशिक्षकाला हे येते का, ते जरूर विचारा. खंड्याला तर दवाखान्यासाठी ते लागणारच आहे.

तालीमवाला | ७ जून, रात्री ९.००

सर्वांचे लिहिणे दोनदा वाचले. काल साखळी काढून छातीचा पट्टा लावला आणि खिशात पनीर ठेवून बाहेर पडलो. पहिले शंभर पाऊल चालायला पंचवीस मिनिटे लागली. मत पूर्ण बदलले असे म्हणत नाही, पण एक गोष्ट लक्षात आली. साखळीवर चालताना तो कधी माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. काल बघत होता.

रंकाळ्याची_सर | २९ जून, रात्री १०.१०

सर्वांना कळवायचे राहिले होते, म्हणून आज सवडीने लिहिते.

खंड्याला आधी दवाखान्यात नेले. मानेचे स्नायू उजव्या बाजूला सुजलेले निघाले, दहा दिवस औषध चालले. त्या काळात गळ्याला कुणीही हात लावला नाही. मग दोन प्रशिक्षकांना भेटलो. पहिल्यांनी 'बघायला येऊ का?' या प्रश्नावर हसून विषय बदलला. दुसऱ्या बाईंनी फोनवरच दवाखान्याचे कागद मागितले, चावण्याच्या वेळी कोण कुठे उभे होते ते विचारले, आणि पुढच्याच दिवशी फुलेवाडीच्या एका घरी त्यांची शिकवणी पाहायला बोलावले. तिथली पॉमेरेनियन त्यांच्या पिशवीत तोंड घालायला फाटकापर्यंत धावली. करवीरकरांची आठवण झाली.

आमच्या घरी आल्यावर त्या खंड्याकडे गेल्याच नाहीत. फरशीवर त्याला कूस करून बसल्या, माझ्याशी बोलत राहिल्या आणि मधून मधून न बघता चिकनचा तुकडा वॉशिंग मशिनच्या दिशेने सरकवत राहिल्या. वीस मिनिटांनी त्याचे नाक बाहेर आले. त्या दिवशी तेवढ्यावरच थांबलो. पट्ट्याचा आवाज आधी आणि खाऊ नंतर, हा क्रम कधीही उलटा होऊ द्यायचा नाही, हे त्यांनी सासऱ्यांकडून दहा वेळा करून घेतले. गळ्यातला पट्टा बंद केला, छातीचा आणला आहे, पण तो अजून घातलेला नाही. एक वही दिली आहे, तीत किती वेळा आवाज केला आणि तो किती पावले मागे गेला, एवढेच लिहायचे. पहिल्या पानावर सगळीकडे 'मशिनच्या मागे' असे आहे. काल 'स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला' असे लिहिले.

मंगळवारी सासरे छातीच्या पट्ट्याचे बक्कल उचलून त्याच्याकडे वळले आणि खंड्या गुरगुरला. महिन्याभरात पहिल्यांदा. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. सासऱ्यांनी बक्कल खाली ठेवले आणि हात मांडीवर घेतला. थोड्या वेळाने खंड्या दोन पावले पुढे आला, त्याने बक्कलचा वास घेतला आणि मग त्यांच्या हाताचा, जिथे दाताची खूण अजून आहे तिथे. बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, 'वहीत तारीख घाला.'